वडिलांच्या उड्या

ख्रिस्ती लोकांच्या लेंटच्या उपासांआधीचा मंगळवार म्हणजे इंग्लंडमधल्या स्कार्बरो गावात दोरावरच्या उड्यांचा दिवस. दुपारी बाराची घंटा झाली की किनाऱ्यावरचा रस्ता वाहनांना बंद होतो आणि लांबलचक दोर बाहेर येतात. म्हातारेकोतारेही उड्या मारतात. त्या दिवशी समुद्रावरून धुकं आलं होतं. दोराचं पलीकडचं टोक दिसतच नव्हतं. माणसं वर जायची आणि धुक्यात विरघळायची.

अलीकडचं टोक हेस्टरच्या वडिलांच्या हातात होतं. विल्फ्रेड हारलंड, निवृत्त शाळामास्तर. दोर फिरवता फिरवता उड्यांच्या नावांवर त्यांचा वर्ग सुरू होता. जंप म्हणजे कुठलीही उडी. हॉप माणसाची एका पायावर, चिमणीची मात्र दोन्ही पायांवर. स्प्रिंग दबा धरलेल्या मांजराची.

"मास्तर, उडी मारायची असते, समजावायची नसते," शेजारच्या एनिडबाई दोरातूनच म्हणाल्या.

ते हसले. मग हेस्टरकडे वळून म्हणाले, "ही स्किप. वर जायचं नि पुन्हा तिथंच उतरायचं. माझ्यासारखं. लीपमध्ये मागची जमीन सुटते. ती तुला जमली, पोरी. या गावात तुझा जीव रमणार नव्हताच."

हे ते एकोणीस वर्षं म्हणत आले होते. आई गेल्यावर महिन्याभरात हेस्टरने लंडन गाठलं, तेव्हापासून. गाव तिला लहान पडलं, आपणही पुरे पडलो नाही, अशी त्यांची समजूत. खरं कारण वेगळं होतं, आणि तेच सांगायला ती या खेपेला आली होती. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी तिला दोरात ओढलं. पाय जमिनीवरून सुटत राहिले, धुकं वरखाली होत राहिलं, आणि सांगणं उद्यावर गेलं. संध्याकाळी दोघांनी लिंबू-साखर घालून पॅनकेक खाल्ले. वडील लवकर झोपायला गेले.

सकाळी ते उठले नाहीत.

डॉक्टर येऊन गेले. खाली एनिडबाई चहा ठेवत होत्या. हेस्टर पलंगाशी बसली. वडील नुसते वर गेलेत, अजून खाली यायचेत, असं तिला कितीतरी वेळ वाटत राहिलं. या उडीला काय म्हणतात, ते त्यांनाच ठाऊक असतं.

तिने त्यांचा हात हातात घेतला.

"बाबा, मला हे गाव कधीच लहान पडलं नाही. आईची रिकामी खुर्ची बघवत नव्हती मला. तुम्हाला एकट्याला तिच्यासमोर बसवून मी पळाले."