कारणाचा रकाना

"एवढी एकच ओळ लिहून द्या, बायके," बुरमाकान म्हणाली. वडीलधाऱ्या पुरुषाला तिकडे आदराने बायके म्हणत.

तिचा आवाज कुजबुजीच्या वर चढत नव्हता, म्हणून डॉक्टर एसेनकुल टेबलावरून पुढे वाकले.

"कसली ओळ?"

"घशातल्या गाठी धुरामुळे झाल्या, अशी."

नारीन गावच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं ती नर्स म्हणून ऑपरेशनला त्यांच्या शेजारी उभी राहत आली होती. बायकांच्या नाजूक जागच्या चामखिळी ते कॉटरीने, विजेवर तापणाऱ्या सुईने, जाळत आणि धूर सरळ तिच्या मास्कपाशी येई. धूर ओढून घेणारं यंत्र चार वर्षांपूर्वी आलं होतं. त्याच्या घरघरीने एसेनकुलांचं लक्ष उडे, म्हणून ते फक्त तपासणीच्या दिवशी चालू होई. राजधानीत, बिश्केकला, दोनदा तिच्या घशातल्या गाठी काढल्या, दोनदा त्या परत आल्या. रिपोर्टात विषाणूचं नाव होतं. तो त्या चामखिळींचाच होता, एरवी शरीरसंबंधातून लागणारा.

तो रिपोर्ट जावेच्या हाती लागला. "अकरा वर्षं विधवा, आणि रोग बघा कुठला," असं ती चहा ओतता ओतता म्हणाली. आठवड्यात ते गावभर झालं. बुरमाकानच्या मुलीच्या कानात कुंडलं घालून सोयरीक पक्की करायला येणारी मुलाकडची बाई यायची थांबली. रस्ता खराब आहे, असा तिचा निरोप आला. रस्ता कोरडा होता.

"लिहिलं तर मलाच विचारतील, यंत्र कुठे होतं म्हणून," एसेनकुल म्हणाले. "दोन वर्षं राहिलीत माझ्या निवृत्तीला. आणि तुझ्या जावेचं काय मनावर घेतेस? तिला बोलायला निमित्तच लागतं."

"सोयरे तिचंच ऐकतात, बायके."

मग खणातून त्यांनी एक छापील कागद काढला.

"हे बघ. एक्स-रेवाल्यांना जोखमीच्या कामाचं दूध मिळतं ना, रोज अर्धा लिटर? तुलाही चालू करतो. मनात होतंच माझ्या." त्यांनी भराभर लिहिलं, सही केली, शिक्का मारला. त्यांना हलकं वाटल्यासारखं दिसलं. "सोमवारपासून घे. गरम करून पीत जा, घशाला बरं."

बुरमाकानने कागद वाचला. त्यात कारणाचा रकाना होता. एसेनकुलांच्या वळणदार अक्षरात तिथे लिहिलं होतं: ऑपरेशनमधला धूर, एकोणीस वर्षं.

तिने तो पुन्हा वाचला, चार घड्या घातल्या आणि कोटाच्या खिशात ठेवला.

"अगं, तो भांडारात द्यायचाय. नाहीतर दूध कसं मिळेल?"

"दूध नको."

एसेनकुलांना कळायला एक क्षण लागला. मग त्यांचा चेहरा उतरला.

"बुरमाकान, दे तो इकडे. घाईत लिहिला गेला. दुसरा करून देतो." त्यांनी हात पुढे केला.

हा तळवा पुढे आला की काय हवंय ते न विचारता ती त्यात ठेवत आली होती. कधी चिमटा, कधी कात्री, कधी दोरा. आताही तिचा हात आपसूक खिशाकडे गेला. तो तिथेच दाबून धरून ती उभी राहिली.

एसेनकुलांनी आपला तळवा बराच वेळ मागे घेतला नाही.