बारा किलोमीटरचं यान

माझ्या यानाची लांबी एकशे वीस मीटर होती आणि ती बरोबर होती. गेम बनवणाऱ्या कंपनीत मी पात्रांचे दिनक्रम लावतो. कोण कधी उठेल, कुठे जाईल, कोणाशी काय बोलेल, ते सगळं माझ्याकडे. नव्या गेममधल्या या अंतराळयानात अकरा खलाशी होते आणि एक स्वयंपाकीण. दुपारी एकची घंटा झाली की अकराही जण मागच्या टोकाच्या स्वयंपाकघरात यायचे, टेबलाभोवती बसायचे, आणि शेवटचा बसला की ती बोलायला सुरुवात करायची. एकेकाला धरून झापायची. "हात धुतलेस? पाणी कमी आहे ते मला नको सांगूस, हात धू." "तू काल पानात टाकलंस, आज तुला अर्धंच."

हा आवाज माझ्या आत्याचा. तिनंच मला वाढवलं, त्यामुळे झापण्याचं काम तिच्याइतकं कोणाला जमणार नाही हे मला पक्कं ठाऊक. आमच्या ऑफिसात येऊन तिनं चाळीस वाक्यं एका दमात रेकॉर्ड करून दिली. तीन महिन्यांनी घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. आता ती पाटीवर लिहिते. एकदा मी फोनवर ती वाक्यं लावली, तर तिनं हातानं थांबवलं आणि लिहिलं, "मला काय ऐकवतोस? लोकांना ऐकू दे." तेव्हापासून तिचा एकच प्रश्न, गेम कधी येणार. शेजारणीला सांगून झालं, दवाखान्यातल्या नर्सला सांगून झालं.

मग दुसऱ्या एका कंपनीनं जाहीर केलं की त्यांचं यान नऊ किलोमीटर लांब आहे.

"आपलं बारा करू," आमचे साहेब म्हणाले.

"सर, आत अकरा माणसं आहेत."

"लोक आकार बघतात रे. आतली माणसं कोण मोजतंय?"

यान वाढवायला स्क्रीनवर एक चौकट असते, तिच्यात आकडा टाकायचा. चित्रं करणाऱ्या बाईनं शंभर टाकला आणि यान शंभरपट झालं. दारं पुन्हा माणसाच्या मापाची करण्यात तिचा आठवडा गेला. मग आम्ही चालवून बघितलं. एकची घंटा झाली, अकराही जण निघाले. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची आणि स्वयंपाकघर बारा किलोमीटरवर. अर्धा तास ते शिस्तीत चालले, सुट्टी संपली, आणि तितक्याच शिस्तीत उपाशीपोटी मागे फिरले. तिकडे स्वयंपाकीण पातेल्यापाशी एकटी उभी. टेबलावर कोणी बसलंच नाही, म्हणून ती बोललीच नाही. चित्रं करणाऱ्या बाईची हसून हसून मुरकुंडी वळली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

स्वयंपाकघर पुढे आणणं दहा मिनिटांचं काम होतं. तेवढं करून मी गप्प बसायला हवं होतं. पण माझं डोकं फिरलं होतं. एवढं धूड अकरा जण चालवतात हा मूर्खपणा आहे, हे मला साहेबांच्या गळी उतरवायचंच होतं. मी तीन पानं लिहिली. इंजिनं किती, हवा किती, दुरुस्ती किती, पाळ्या किती. या मापाच्या यानाला निदान बारा हजार माणसं लागतील, तेवढी आपल्याच्यानं होणार नाहीत, तेव्हा यान लहान करावं.

साहेबांनी तिन्ही पानं मन लावून वाचली. "छान काम केलंस," ते म्हणाले. "बारा हजार! हे जाहिरातीतही घालू. माणसं काय, कॉम्प्युटर बनवेल."

"आणि स्वयंपाकीण?"

"बारा हजार जणांना एक बाई रांधणार? पटायला नको? तूच तर लिहिलंयस. भिंतीत जेवणाची मशीनं लावू."

मी स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेतला होता. तिचा आवाज निदान स्पीकरवरून येऊ द्या, म्हणालो. लढाऊ यानात स्पीकरवरून हात धुवा सांगायचं का, असं त्यांनी विचारलं. शेवटी आत्याचं सगळं सांगितलं. ते खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. त्यांना मनापासून वाईट वाटलं, ते दिसत होतं. "पुढच्या गेममध्ये नक्की घेऊ," म्हणाले. पुढचा गेम चार वर्षांनी. डॉक्टरांनी आत्याला चार वर्षं सांगितलेली नाहीत.

स्वयंपाकीण काढून टाकायचं काम माझ्याकडेच आलं. दुपारच्या चहाआधी ते झालंही.

आत्याला सांगायचं मी रोज ठरवायचो आणि रोज कच खायचो. गेम आला त्या सकाळी ती केसबिस विंचरून, शेजारणीला बोलावून टीव्हीसमोर बसली. बटणं कशी दाबायची ते तिनं माझ्याकडून आधीच शिकून घेतलं होतं. ती यानात शिरली. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना घाईनं जाणारी माणसं. प्रत्येकापाशी ती थांबायची. प्रत्येक जण त्याच सपाट आवाजात "सगळं ठीक आहे" म्हणायचा आणि निघून जायचा. असं दुपारपर्यंत चाललं. शेजारीण मधे घरी जाऊन जेवून आली.

मग आत्यानं पाटी घेतली. "यान फार मोठं आहे रे. स्वयंपाकघर कुठल्या बाजूला?"

शेजारीण माझ्याकडे बघत होती. मला खरं बोलायचं होतं, देवाशपथ बोलायचं होतं.

"अजून पुढे आहे," मी म्हणालो.

तिनं पाटी पुसली, चष्मा सारखा केला आणि पुढे चालू लागली.