हेच माझं म्हणणं

स्वभावाला औषध नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या ह्यांनी मात्र त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिले आणि तत्त्वज्ञानाचे विभागप्रमुख झाले. माणूस मुळात बदलत नाही, बदलल्यासारखा नुसता दिसतो, हा त्यांचा सिद्धांत.

घरी त्याचा फार उपयोग व्हायचा. माझ्या आईला ताडकन काही बोलले, मुलीच्या बक्षीस समारंभाला यायचं विसरले, की मी तोंड उघडायच्या आत उत्तर तयार असे, "स्वभावच आहे माझा, त्याला मी काय करू?" माफी मागणं त्यात बसत नव्हतं. ग्रंथांची मुद्रितं मीच तपासायची. त्यामुळे सिद्धांत मला तोंडपाठ होता आणि, खोटं कशाला बोलू, पटलाही होता.

ह्यांची शेवटची विद्यार्थिनी आवाजानं बारीक, म्हणून विभागात तिला सगळे चिमणी म्हणत. तिनं प्रबंध लिहिला तो ह्यांचाच सिद्धांत खोडणारा. विभागाचा एक नियम होता, तोही ह्यांनीच घातलेला. कुणाचं खोडायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं असं मांडायचं, की त्यानं स्वतः "हेच माझं म्हणणं" अशी कबुली द्यावी. कबुली नाही तर पुढे जायचं नाही.

तोंडी परीक्षेला मी मागच्या बाकावर बसले होते. चिमणीनं सिद्धांत मांडला, अगदी स्वच्छ.

"हे माझं म्हणणं नाही," हे म्हणाले.

तिनं दुसरं उदाहरण घेऊन पुन्हा मांडला.

"नाही."

बाहेरून आलेले परीक्षक कागद आवरू लागले. पोरीची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती. हे धडधडीत खोटं बोलत होते, आणि उठून तसं सांगायची माझी छाती होईना.

"सर, मग तुम्हीच सांगा ना," चिमणी म्हणाली. "म्हणजे माझं कुठे चुकतंय ते मला कळेल."

हे उभे राहिले. बोलायला गेले आणि थांबले. मग परीक्षकांकडे वळले.

"हिनं सांगितलं त्याहून चांगलं मला सांगता येणार नाही. हेच माझं म्हणणं. मघाशी मी खोटं बोललो. माझं चुकलं, पोरी, मला माफ कर. आता खोड."

तिनं खोडलं, आणि चांगलं खोडलं. तिला पदवी मिळाली. चहाच्या वेळी जो तो ह्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक करत होता. मी कप तसाच ठेवून बाहेर आले.

घरी आल्यावर हे खुर्चीत बसले, ओझं उतरल्यासारखे.

"तुला वाईट वाटणारच," म्हणाले. "सगळी मुद्रितं तूच तपासलीस."

"सिद्धांत चुलीत घाला तुमचा," मी म्हणाले. रागानं मला रडू फुटलं होतं. "माफी मागता येत होती ना तुम्हाला? मग माझ्याच वाट्याला एकदाही का नाही आली?"