ओकणारा समुद्र

लॉर्ना पेनिकटचं वय बावन्न, आणि त्यातली सव्वीस वर्षं तिने समुद्राचा श्वास मोजण्यात घालवलेली. होबार्टहून जहाज दक्षिणेला निघालं की ती खालच्या मजल्यावरच्या खोलीत ठाण मांडायची. खोली कसली, कपाटच ते. तिथे समुद्राचं पाणी एका बंद डब्यात फवारलं जाई आणि त्या डब्यातली हवा यंत्र सतत हुंगत असे. पाण्याचा आकडा बाहेरच्या हवेपेक्षा कमी असला, तर समुद्र कार्बन डायऑक्साइड गिळतोय. जास्त असला, तर ओकतोय. एवढंच शास्त्र. बाकी सगळा धीर आणि आल्याची बिस्किटं.

उन्हाळ्यात या पाण्याने गिळायचंच असतं. पण सहाव्या दिवशी आकडा चढायला लागला. तीनशे सत्तर, तीनशे नव्वद, चारशे तीस. बाहेरच्या हवेत चारशे पंधरा. म्हणजे समुद्र चक्क ओकत होता!

लॉर्नाने दार लावून घेतलं, कुणाला सुगावा लागू नये म्हणून, आणि परिषदेतल्या भाषणाची तालीम सुरू केली. "मित्रहो, आपण सगळेच चुकलो होतो." 'सगळेच' म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे फक्त मेलबर्नचा ह्यूगो ट्रेनरी होता, तिचा जुना प्रतिस्पर्धी. आकडा आणखी चढला. समुद्रसुद्धा दाद देतोय, असं तिला वाटलं.

ती जेवायला गेली की आकडा उतरे, परतली की चढे. यावरून तिने दुपारच्या उन्हाचा एक सिद्धांत मांडला. अडीच पानं लिहिली. ह्यूगोला मेल धाडली: "बसून वाच."

दहाव्या दिवशी डेझ व्हिटल पंप तपासायला आला. जहाजावरचा यंत्रतज्ज्ञ, वीस वर्षांची ओळख.

"काय कोंदलंय गं इथे! आणि बोलत कुणाशी होतीस?"

"स्वतःशी."

"अरेरे. तिला तरी बाहेर सोड."

तो गुडघ्यावर बसला, टॉर्चचा झोत टाकला आणि नळीवरून बोट फिरवलं. डब्याच्या नळीला नखाएवढी चीर गेली होती.

"लॉर्ना, हा डबा खोलीतली हवा ओढतोय. तू जरा बाहेर जा बघू."

ती बोळात उभी राहिली. डेझने दार सताड उघडलं, पंखा लावला आणि थोड्या वेळाने वाचून दाखवू लागला. "चारशे दहा... तीनशे नव्वद... तीनशे ऐंशी. आता आत ये, दार लाव आणि ते भाषण म्हण."

शास्त्रासाठी माणूस काय काय करतो! तिने म्हटलं, अगदी 'मित्रहो'पासून. आकडा भराभर वर गेला. डेझ हसला नाही, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

रात्रीच्या जेवणाला तिने स्वतःच सगळं सांगून टाकलं. डेझने सांगितलं असतं तर जास्त रंगलं असतं, ही धास्ती.

"म्हणजे चार दिवस तू स्वतःचाच श्वास मोजत होतीस?" स्वयंपाकीण नायरीने डाव हातात तसाच धरून विचारलं.

"हो. निष्कर्ष असा, की मी ओकते."

हसण्याने टेबल हादरलं. नायरीने तिला पुडिंग दोनदा वाढलं.

मग ह्यूगोला लिहिणं आलं. नेमके शब्द सापडायला तास गेला: "नळीला चीर होती, जहाजावरच्या डेझने पकडली. समुद्र निर्दोष आहे. दोषी मी."

सकाळी उत्तर आलं. "चौदा वर्षांपूर्वी माझीही नळी फुटली होती. पण माझ्याकडे डेझ नव्हता. लेख छापून आला. मागे घेतला तेव्हा महिनाभर घराबाहेर पडलो नाही."

लॉर्नाने ते तीनदा वाचलं. तो लेख मागे घेतल्याची बातमी आली, त्या संध्याकाळी तिने अख्ख्या विभागाला बिअर पाजली होती. नळीची चीर तरी नखाएवढी होती; ही तिच्यातली त्याहून मोठी.

नवी नळी बसली होती. आकडा तीनशे अडुसष्टवर स्थिर होता. समुद्र गुपचूप गिळत होता. तिने उत्तर लिहायला घेतलं: "होबार्टला ये, धक्क्यावर शिंपल्यांचा गरम पॅटिस खाऊ घालते. एक बिअरची गोष्टही सांगायची आहे. ती ऐकून उठून गेलास, तरी पॅटिस खाऊन जा."