खरंयकाकांची दुसरी खुर्ची

अध्यक्षांच्या दाढीचे पैसे न घेण्यात आपला फायदा काय, असं काकू नवऱ्याला अधूनमधून विचारायच्या, आणि खरंयकाकांकडे त्याचं उत्तर तयार असायचं. आपल्याकडून जायचं काय, तर दिवसाआड थोडा साबण, एक पातं, आणि वर मान चोळून दिली तर अंगातली थोडी ताकद. यायचं काय, तर पोराला पाणीपुरवठा खात्यात नोकरी. नोकरीला पगार, पगाराला वाढ, म्हातारपणी पेन्शन. एवढ्याशा भांडवलावर एवढा नफा देणारा दुसरा धंदा अख्ख्या बाजारात नव्हता.

"आणि नाहीच मिळाली नोकरी तर?" काकू विचारायच्या.

"तर साबण गेला म्हणायचं."

त्या दिवशी सकाळीही अध्यक्ष पहिल्या खुर्चीत मान मागे टाकून निवांत पडले होते. बाजारातल्या दुकानदारांच्या संघटनेचे ते अध्यक्ष; पण त्यांचं खरं वजन मेहुण्यामुळे होतं. मेहुणा पाणीपुरवठ्यात भरतीच्या कागदांवर सही करायचा. काका ब्रश गोल गोल फिरवून त्यांच्या गालावर फेस चढवत होते आणि ओठ झाकले जायच्या आत अध्यक्ष आपलं म्हणणं उरकून घेत होते.

"देशाचं वाटोळं कुणी केलं सांगू? ह्या आजकालच्या पोरांनी. काम नको, पगार हवा. अंगाला धूळ लागायला नको."

"खरंय," काका म्हणाले.

ह्या एका शब्दावर त्यांचं सलून चालत आलं होतं आणि त्यावरूनच त्यांना नाव पडलं होतं. बाकावर वर्तमानपत्र धरून बसणारे निवृत्त मास्तर म्हणत, देशाचा खरा प्रश्न महागाई. खरंय. बसचा ड्रायव्हर म्हणे, महागाई कसली, वरपासून खालपर्यंत सगळे खातात, तो प्रश्न. खरंय. एकदा तर एक जण खुर्चीत आणि दुसरा बाकावर असे दोघे हमरीतुमरीवर आले होते. काकांनी कात्री न थांबवता दोघांनाही आळीपाळीने खरंय दिलं आणि दोघेही आपणच जिंकलो म्हणून घरी गेले. काकांचं स्वतःचं मत काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काकूंना तर घरी 'खरंय'सुद्धा मिळत नसे.

ह्यामागे शिकवण होती. काकांना काम शिकवणारा उस्ताद सांगायचा, वस्तरा आपल्या हातात असताना गिऱ्हाईक वाद घालत नाही, मग आपणही घालायचा नाही. जे डोकं हाताखाली, तेच त्या वेळी बरोबर.

पोराला हे जमत नव्हतं. पोरगा दुसऱ्या खुर्चीमागे उभा राहायचा. विज्ञानाची पदवी घेतलेला, म्हणून बाजार त्याला 'पदवीधर' म्हणायचा, आणि ते कौतुकाने नव्हे. पहिली परीक्षा दिली, तर पेपर फुटला म्हणून ती रद्द झाली. दुसरीचा निकाल कोर्टात अडकला. तिसरीचा निकाल लागला, त्यात पोराचं नावही आलं, आणि मग सरकारने त्या जागाच काढून टाकल्या. तोवर बसून खायचं नाही म्हणून त्याने कात्री हातात घेतली. हात बापापेक्षा हलका होता. पण डोक्यावर कंगवा फिरवता फिरवता तो म्हणायचा, "मला नाही वाटत तसं." त्यामुळे वयस्कर माणसं त्याच्या खुर्चीत बसत नसत. खुर्ची रिकामी असली तरी बाकावर थांबत.

"अरे, म्हणून टाकावं खरंय," काका त्याला सांगत. "आपल्या खिशातलं काय जातं?"

"मग माझ्याकडे काय राहतं, बाबा?"

असलं बोलणं आलं की काकांचा हात फडक्याकडे जायचा. ते वस्तरा पुसायला घेत.

तर त्या सकाळी, अध्यक्षांच्या दोन्ही गालांवर फेस चढलेला असताना, दारात एक मुलगी आली. हातात माइक, मागे खांद्यावर कॅमेरा घेतलेला तरुण. टीव्हीवाले होते. देशापुढच्या प्रश्नांबद्दल सामान्य माणसाला काय वाटतं, ते विचारत बाजारभर फिरत होते. मास्तरांनी लगेच वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा पुसला आणि घसा खाकरला. मुलीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"काका, तुम्हीच बोला. हातात वस्तरा छान दिसतोय."

"मी? मी काय बोलणार?"

"घाबरायचं काय त्यात? सगळे तुमच्याकडे येतात. देशापुढचा सगळ्यात गंभीर प्रश्न तुमच्या मते कोणता?"

तुमच्या मते. इतकी वर्षं ह्या दुकानात मतं सांडत आली होती आणि काका ती केसांबरोबर झाडून काढत आले होते. पण हे दोन शब्द त्यांना कुणी विचारले नव्हते. त्यांनी स्वतःच्या आत चाचपून पाहिलं. हाताला काही लागलं नाही. मग त्यांनी खाली पाहिलं. हाताखाली अध्यक्षांचं डोकं होतं.

"आजची पोरं, मॅडम," काका म्हणाले. "त्यांना कामाची लाज वाटते."

कापडाखाली अध्यक्षांचं पोट समाधानाने हललं.

"एखादं उदाहरण सांगाल?"

इथे काकांनी थांबायला हवं होतं. पण कॅमेऱ्याचा दिवा तोंडावर होता, बाकावरचे सगळे पुढे सरकून ऐकत होते, आणि माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच सभा मिळाली होती.

"उदाहरणाला लांब कशाला जायचं? आमच्या घरातच ठेवलंय की! पदवीधर आहे. त्याला खुर्चीत बसायचंय हो, खुर्चीमागे उभं राहायचं नाही! आता सगळेच खुर्चीत बसले, तर दाढी करायची कुणी?"

बाक हसून हसून हलला. मास्तर हसले, कॅमेरावाला हसला. अध्यक्ष तर इतके हसले की थोडा फेस त्यांच्या नाकात गेला. काकाही हसले, आणि हसता हसता त्यांची नजर आरशात गेली. मागच्या दारात पोरगा उभा होता. हातात धुतलेल्या टॉवेलांची बादली होती. त्याने ती खाली ठेवली आणि मागच्या तारेवर एकेक टॉवेल झटकून वाळत घातला. प्रत्येकाची टोकं जुळवून. चिमटे लावून.

टीव्हीवाले गेल्यावर काका मागे गेले. "अरे, बोलण्याच्या ओघात आलं ते. मनावर घेऊ नकोस."

"तुम्हाला तसं वाटतं का, बाबा?"

"छे, छे!"

"मग झालं तर," पोरगा म्हणाला आणि रिकामी बादली उचलून आत गेला.

काकू एवढ्यावर सोडणाऱ्या नव्हत्या. दुपारच्या जेवणाचा डबा घेऊन आल्या तेव्हा बातमी त्यांच्या आधी बाजारभर पोचली होती. डबा त्यांनी आपटलाच.

"मत तुमचं विचारलं होतं ना? मग त्या माणसाचं कशाला दिलंत?"

"अगं, त्यांच्याकडून नोकरी घ्यायचीय."

"कुणासाठी?"

"पोरासाठी."

"ज्याच्यासाठी घ्यायची त्यालाच विकून आलात. भला मोठा व्यापारी!"

ते बोलणं टीव्हीवर लागलं, आणि मग कुणीतरी त्याला मागे संगीत लावून मोबाइलवर फिरवलं. काकांचं नशीब उघडलं म्हणायचं. वस्तरा धरलेल्या काकांना बघायला लांबलांबची माणसं दाढी करून घ्यायला यायला लागली. बाक पुरेना, बाहेर दोन स्टुलं टाकावी लागली. दुसऱ्या खुर्चीतही गिऱ्हाईक आलं, पण ती पोराच्या वयाची मुलं असायची, आणि येताना दारातूनच ओरडायची, "काय पदवीधर, बसायचंय ना खुर्चीत? बस की! आम्ही करतो तुझी दाढी!"

पोरगा त्यांचे केस नीट कापायचा. पूर्वीसारखं 'मला नाही वाटत तसं' आता तो म्हणत नव्हता. कंगव्याने रेघ पाडायचा, मानेवरचे केस फुंकायचा, कापड झटकायचा, पुढच्याला हाताने बोलवायचा.

मग पाणीपुरवठ्यात खरंच जागा निघाल्या. काकांनी चांगला दिवस बघितला, अध्यक्षांची मान नेहमीपेक्षा जास्त वेळ चोळली आणि फेस लावून झाल्यावर विषय काढला.

"साहेब, आमचं ते पोराचं तेवढं..."

"अरे, मी शब्द टाकला होता!" अध्यक्ष फेसातून म्हणाले. "परवाच गेलो होतो. मेहुण्याने काय केलं माहितेय? मोबाइल काढून तुझंच बोलणं मला ऐकवलं. म्हणाला, हा बाप उभ्या देशाला सांगतोय की पोरगा कामाचा नाही, आणि मी त्याला घेऊ? उद्या कुणी माझ्यावर बोट ठेवलं तर? आता तूच सांग, मी काय बोलणार त्यावर?"

काकांचा वस्तरा जागीच थांबला. दुसऱ्या खुर्चीमागची कात्रीही थांबली होती.

"साहेब, पण ते तर तुम्हीच..."

"मी काय?"

वस्तरा अध्यक्षांच्या गळ्याच्या घाटीवर होता. अध्यक्षांचे डोळे मिटलेले होते. त्यांना आपण काही बोललो होतो हे आठवतही नव्हतं, आणि त्यात त्यांचं नाटक नव्हतं. मतं अशी रोज निघतात आणि रोज वाहून जातात.

"काही नाही," काका म्हणाले. "खरंय तुमचं."

दुसऱ्या खुर्चीमागची कात्री पुन्हा सुरू झाली.

त्यानंतर पोराने कुणाला न विचारता सगळं ठरवलं. एक एजंट परदेशात गोदामात माल उचलायला माणसं नेत होता. पदवी लागत नव्हती, पाठ लागत होती. काकूंनी आपल्या बांगड्या एजंटासाठी काढून दिल्या आणि त्याबद्दल नवऱ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. जायच्या दिवशी दुकान उघडल्यावर पोराने दुसरी खुर्ची पुसली.

"बाबा, बसा."

"मी कशाला?"

"बसा. दाढी वाढलीय तुमची."

काका बसले. आपल्याच दुकानातल्या ह्या खुर्चीत ते कधी बसले नव्हते. इथून आरशात पहिली खुर्ची दिसते, तिच्यातलं डोकं दिसतं आणि डोक्यावर वाकलेला माणूस दिसतो, हे त्यांना आज कळलं. पोराने कोमट पाण्याने गाल भिजवले. फेस लावला. त्याचा हात खरंच हलका होता.

"त्या दिवशी त्या टीव्हीवाल्या बाई आल्या होत्या ना," पोरगा म्हणाला. "मी तिथेच होतो. टॉवेल घेऊन. मला कुणी विचारलंच नाही."

काकांना बोलायचं होतं. आता विचारतो, आता सांग, असं काहीतरी. पण वस्तरा वरच्या ओठावर होता आणि ओठ हलवणं शक्य नव्हतं. वस्तरा तिथून निघेपर्यंत सांगणाऱ्याचं सांगून झालं होतं. पोराने तुरटी फिरवली, टॉवेलने चेहरा टिपला, वस्तरा धुऊन त्याच्या जागी ठेवला. मग वाकून पाया पडला आणि बॅग उचलली.

काकांच्या गालावर ओरखडासुद्धा नव्हता.

अध्यक्षांचं येणं काही बंद झालं नाही. ते का व्हावं? थंडी सुरू झाल्यावरची गोष्ट. ते असेच मान टाकून पडले होते. मास्तर बाकावर होते. दुसऱ्या खुर्चीवर काकांनी टॉवेल पांघरून ठेवला होता; गर्दी झाली तरी तिच्यावर ते कुणाला बसू देत नसत.

"देशाचा खरा प्रश्न कोणता सांगू?" अध्यक्ष म्हणाले. "शिकलेली पोरं बाहेर जातात! इथलं खाऊन मोठं व्हायचं आणि हाडं झिजवायची परक्यासाठी. म्हातारे आईबाप इथे दाराकडे डोळे लावून बसलेत, ह्यांना काही आहे का त्याचं?"

एवढं बोलून ते 'खरंय'साठी थांबले. मास्तरांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. मागच्या नळाचं पाणी बादलीत ठिबकत होतं.

काकांनी दाढी पुरी केली. उलट्या हाताने केली, सुलट्या हाताने केली, कानाजवळची रेघ दोन्ही बाजूंनी सारखी केली. तुरटी लावली. कापड काढून झटकलं. ह्यातलं काहीही त्यांनी घाईने केलं नाही. अध्यक्ष उठले, आरशात गालावरून हात फिरवला आणि नेहमीसारखे दाराकडे वळले.

"साहेब, दाढीचे पैसे."

"अं?"

"दाढीचे."

अध्यक्ष आधी हसले. मग त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर हसत नव्हते. अध्यक्षांनी खिशात हात घालून एक मोठी नोट काढली. काकांनी गल्ला उघडला, उरलेले पैसे मोजले, एक नाणं कमी पडलं ते खणाच्या कोपऱ्यातून शोधून काढलं आणि सगळं त्यांच्या तळहातावर ठेवलं. अध्यक्ष गेले. काकांनी दुसऱ्या खुर्चीवरचा टॉवेल उचलून झटकला, टोकाला टोक जुळवलं आणि परत पांघरला.

ह्या सगळ्या व्यवहारात अध्यक्षांच्या खिशातून गेले ते एका दाढीचे पैसे. बाकीचे पोरगा भरत होता, परक्यांच्या गोदामात, पाठीवर खोकी वाहून.