एकाच पाण्यावर दोन हेडक्लार्क

अठ्ठेचाळीस साली मध्य भारत राज्य झालं तेव्हा ग्वाल्हेर आणि इंदूर ही संस्थानं त्यात आली, आणि राजधानी कुठली यावरून भांडण नको म्हणून ती वाटून घेतली गेली. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. कारकून, टाइपरायटर, कपाटं, पंखे, सगळं वर्षातून दोनदा रेल्वेत चढायचं आणि उतरायचं. वस्तूंचं एक वेळ जमलं. माणसांचं अवघड होतं, कारण प्रत्येक खात्यात आता दोन दरबारांची माणसं झाली होती आणि जागा मात्र एका राज्यापुरत्याच होत्या.

मुकुंदराव दिघे ग्वाल्हेर दरबारचे हेडक्लार्क. दानाओलीत राहत, सायकलनं मोतीमहालातल्या सचिवालयात येत. त्यांच्या टेबलासमोर दुसरं टेबल आलं ते लक्ष्मीकांत पंतवैद्यांचं. तेही हेडक्लार्क, इंदूर दरबारचे. दोघांवर मिळून सुपरिंटेंडेंटची एकच जागा होती, आणि ज्येष्ठ कोण ते अजून ठरायचं होतं. तोवर दोघं एकमेकांना फार आदरानं वागवत. "आपण फाइल पाहिलीत का?" "आपणच आधी पाहावी." एवढ्या आदरात मैत्री होणं शक्यच नव्हतं.

मुकुंदरावांना एक नाद होता. शनिवारी अर्ध्या दिवसानं ऑफिस सुटलं की ते सायकलला मासे धरायची छडी बांधून तिघऱ्याच्या बंधाऱ्यावर जात. तिथं मोठ्या दगडाखाली त्यांची ठरलेली जागा होती. मोहरीची पेंड, भाजलेली मेथी आणि तांदळाची कणी मळून केलेले गोळे संध्याकाळीच पाण्यात टाकायचे, रात्री रेस्टहाउसच्या ओसरीवर झोपायचं आणि उजाडताना गळ टाकून बसायचं. तोवर चाऱ्याच्या वासानं रोहू गोळा झालेले असत. मोरपिसाच्या दांडीचा तरंगा पाण्यावर उभा राहायचा आणि मुकुंदराव त्याच्याकडे पाहत बसायचे. बोलायचं नाही, पाय आपटायचा नाही. घरी पद्माबाई म्हणत, "ऑफिसातही बसायचं आणि सुट्टीतही बसायचं. तुम्हाला उभं राहायचा कंटाळा आहे का?" पण रोहू घरी आला की त्याच पदर खोचून मसाला वाटायला बसत.

पन्नास सालच्या होळीच्या सुमारास एका रविवारी मुकुंदराव असेच बसले होते. तरंगा आत्ताच एकदा थरथरला होता. तेवढ्यात पलीकडे सप्पकन आवाज झाला. पाण्यावर वर्तुळं उठली. मग पुन्हा सप्प. मान वळवून पाहिलं तर अर्ध्या विजारीत, डोक्यावर सोला हॅट घातलेला एक माणूस उभ्यानं छडी फिरवत होता. गळ लावलेला चकचकीत पितळी चमचा लांब फेकायचा आणि छडीवरची चरखी फिरवून भराभरा ओढून आणायचा. माणूस जवळ सरकला तेव्हा ओळख पटली. पंतवैद्य!

"अरे, दिघेसाहेब!" पंतवैद्य खरोखरच आनंदले होते. "आपल्यालाही शौक आहे? बोलला नाहीत कधी!"

"हळू," मुकुंदराव दबक्या आवाजात म्हणाले. "मी कालपासून चारा घालून ठेवलाय इथं. मासा पळेल."

"रोहूसाठी बसलात होय? मी सौल बघतोय. त्या गवताच्या कडेला आहे एक. चमचा तोंडासमोरून नेला ना, की भूक नसली तरी अंगावर येतो. रागानं."

"मग गवताकडे जा ना तुम्ही."

पंतवैद्य मागे सरले, पण दूर गेले नाहीत. आणि नेमका तेव्हाच मुकुंदरावांचा तरंगा हळूच वर उठला आणि पाण्यावर आडवा झाला. मुकुंदरावांनी छडी उचलली. जड, जिवंत ओढ मनगटात आली. रोहू मोठा होता. तो आडवा धावला, गवताच्या दिशेनं, आणि त्याच वेळी पंतवैद्यांचा चमचा हवेतून येऊन बरोबर त्या दोरीवर पडला. दोन दोऱ्या एकमेकींत गुरफटल्या. ओढाताण झाली, आणि एकदम सगळं सैल पडलं. मासा गेला.

"माफ करा," पंतवैद्य म्हणाले. "मला वाटलं तो खोलात जाईल."

मुकुंदरावांचा इतक्या महिन्यांचा आदर त्या क्षणी संपला. "वाटलं! बसलेल्या माणसाच्या जागेवर येऊन उभं राहायचं, एवढंच येतं तुम्हा इंदूरवाल्यांना. तिकडे ऑफिसात तेच, इथंही तेच!"

पंतवैद्यांचा चेहरा उतरला. मुकुंदरावांनी गुंता हाताशी ओढून घेतला आणि संतापानं सोडवायला लागले. गुंता सुटेना म्हणून त्यांनी जोरात हिसका दिला. चमच्याला खाली तीन तोंडांचा गळ होता. त्यातलं एक तोंड त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, उलट्या काट्यासकट, खोल रुतलं.

आधी दुखलं नाही. मग दुखलं. त्यांनी गळ मागे ओढून पाहिला, तर काट्यानं आतून मांस धरलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

"ओढू नका!" पंतवैद्य धावत आले. "बसा खाली."

"मी शहरात जातो, लष्कर भागात, डॉक्टरकडे."

"एवढ्या लांब, एका हातानं सायकल चालवत? बसा म्हणतो ना."

मुकुंदराव बसले. पंतवैद्यांनी पिशवीतून पक्कड काढून आधी चमचा सोडवून बाजूला केला. गळाची बाकीची दोन तोंडं तोडली. मग जाड दोरीचा फास गळाच्या बाकात अडकवला, दुसरं टोक स्वतःच्या मुठीला गुंडाळलं आणि डाव्या अंगठ्यानं गळाची दांडी कातडीवर दाबून धरली.

"हे येतं तुम्हाला?" मुकुंदरावांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"माझ्या स्वतःच्या कानातून काढलाय एकदा. म्हणजे शरयूनं काढला, माझ्या बायकोनं. बरं, मला एक सांगा. तुमचं ते बेचाळीस सालचं प्रमोशन. वशिल्याचं होतं म्हणतात, खरं का?"

"वशिला? कोण म्हणतो? माझ्या कामावर—"

खट्कन झटका बसला. गळ पंतवैद्यांच्या दोरीला लोंबत होता आणि मुकुंदरावांच्या तळहातावर रक्ताचा एवढासा थेंब होता.

"कुणी म्हणत नाही," पंतवैद्य म्हणाले. "राग आला की माणूस हात विसरतो, म्हणून विचारलं."

त्यांनी जखमेवर आयोडिन ओतलं तेव्हा मात्र मुकुंदराव ओरडले.

पुढे पंतवैद्यांनी गवताच्या कडेला चार-पाच फेका टाकल्या आणि खरंच एक काळा, सापाच्या तोंडाचा सौल ओढून काढला. सोडून द्यायला ते वाकले, तशी मुकुंदरावांनी हाक मारली.

"अहो, काय करताय?"

"आम्ही खात नाही. ब्राह्मणाचं घर आमचं. पकडतो आणि सोडतो."

"खायचं नाही तर त्या बिचाऱ्याला तकलीफ कशाला देता? द्या इकडे. आमच्या कायस्थांच्या घरी वाया नाही जाणार."

दुपारी दोघं सायकलींवरून हळूहळू परतले. मुकुंदराव डाव्या हातानं हँडल धरून चालवत होते आणि सौल पंतवैद्यांच्या कॅरियरवर होता. पद्माबाईंनी हाताची पट्टी पाहिली, मासा पाहिला, नवा पाहुणा पाहिला आणि आधी पाहुण्यालाच विचारलं, "आपण घेता का?" नाही म्हटल्यावर त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात बटाट्याची भाजी टाकली. पंतवैद्य दुसऱ्या कडेला वेगळ्या पाटावर बसून पोळी-भाजी जेवले. सौलाच्या रश्श्याचा वास घरभर होता, पण त्यांनी एकदाही नाक मुरडलं नाही, हे पद्माबाईंनी पाहून ठेवलं.

जेवण झाल्यावर मुकुंदरावांच्या लक्षात आलं की ज्येष्ठतेबद्दलचं आपलं म्हणणं दुसऱ्या दिवशी कमिटीला द्यायचं आहे. शेवटची मुदत होती ती. ते रविवारी रात्री स्वस्थपणे लिहिणार होते. आता अंगठा सुजून वांग्यासारखा झाला होता. पद्माबाईंना सरकारी मसुदा जमला नसता, आणि ऑफिसातल्या कुणाला सांगावं तर दुपारपर्यंत मजकूर मोतीमहालभर झाला असता. त्यांनी दोनदा टाक हातात धरून पाहिला. तिसऱ्यांदा तो गळून पडला.

पंतवैद्य चपला घालत होते. त्यांनी ते पाहिलं आणि चपला काढल्या. "सांगा. मी लिहितो."

"तुम्ही? अहो, हे तुमच्याविरुद्ध आहे."

"माझं मी कालच दिलंय. त्यात तुमच्याविरुद्ध बरंच आहे. सांगा."

मुकुंदराव सांगू लागले. सुरुवातीला शब्द जड जात होते. समोरच्या माणसाला त्याच्याच हातानं 'अर्जदारापेक्षा कनिष्ठ' असं लिहायला लावायचं म्हणजे काय? पण पंतवैद्य शांतपणे, वळणदार अक्षरात लिहीत गेले. ग्वाल्हेरला नोकरी पहिल्या दिवसापासून धरत, इंदूरला कायम झाल्यापासून. भांडण सगळं त्यावरच होतं: पहिला दिवस धरला तर मुकुंदराव ज्येष्ठ, कायम झाल्याची तारीख धरली तर पंतवैद्य. एका ठिकाणी पंतवैद्य थांबले.

"हे लंगडं वाटतं. असं लिहू का? दोन्ही दरबारांत कायम करण्याचे नियम वेगळे होते, तेव्हा दोघांना लागू पडेल असा एकच आधार उरतो, तो म्हणजे पहिल्या नेमणुकीची तारीख."

मुकुंदराव त्यांच्याकडे पाहत राहिले. "यानं तुमचं नुकसान होईल."

"मुद्दा बरोबर आहे ना? मग अर्धा कशाला लिहायचा? याला माझ्याकडे उत्तर आहे. काळजी नको."

पण त्यांच्याकडच्या उत्तरानं काम झालं नाही. महिन्याभरात हुकूम आला. कमिटीनं पहिल्या नेमणुकीची तारीख धरली होती. मुकुंदराव सुपरिंटेंडेंट झाले.

पंतवैद्यांनी सगळ्यांसमोर त्यांचं अभिनंदन केलं, आणि त्या दिवसापासून त्यांना "साहेब" म्हणायला लागले. साहेब, सही. साहेब, येतो. तिघऱ्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मुकुंदरावांनी एकदा "या रविवारी?" असं विचारून पाहिलं, तर "घरी काम आहे, साहेब," एवढंच उत्तर आलं.

वैशाखात ऑफिस इंदूरला हललं. पद्माबाई सासूबाईंच्या आजारपणामुळे ग्वाल्हेरलाच राहिल्या. परक्या गावात मुकुंदरावांना एक खोली मिळाली, खाणावळीचं जेवण आणि समोर सतत तो थंड, व्यवस्थित आदर. वरची जागा मिळाली होती खरी, पण रोज सकाळी त्या टेबलासमोर बसताना त्यांना कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटे. शेवटी एका संध्याकाळी पत्ता विचारत ते पंतवैद्यांच्या घरी गेले.

दार शरयूबाईंनी उघडलं. नाव ऐकून त्या हसल्या. "तुम्हीच का ते? तुमचं नाव या घरात घ्यायची बंदी आहे. या, आत या."

पंतवैद्य बाहेरच्या खोलीत चरखीला तेल देत बसले होते. ते उठून उभे राहिले. "साहेब, बोलावून घ्यायचं."

"साहेब ऑफिसात," मुकुंदराव म्हणाले. "मी चमचा फेकायला शिकायला आलोय."

पंतवैद्यांनी चरखी खाली ठेवली.

"अर्जातलं ते वाक्य तुमचं होतं," मुकुंदराव म्हणाले. "मी ते कमिटीला सांगायला हवं होतं का? मला कळत नाही. सांगितलं असतं तर तुमचं हसं झालं असतं."

"तेच तर," पंतवैद्य म्हणाले. "तुमच्यावर रागवावं तर तुम्ही काही केलं नाही. स्वतःवर रागवावं तर मुद्दा बरोबरच होता. मग राग ठेवायचा कुठे? माणूस साहेब-साहेब करत बसतो." थांबून ते म्हणाले, "हात कसा आहे?"

"थंडीत दुखेल असं वाटतं."

"तो हुकूम आल्यापासून गेलेच नाहीत हो कुठं," शरयूबाई आतून म्हणाल्या. "घेऊन जा त्यांना. घरात नुसती चरखी फिरवतात."

रविवारी दोघं पहाटेच्या गाडीनं बडवाह्याला, नदीवर गेले. घाटापासून बरंच वर, जिथं पाणी खडकांतून फेसाळत उतरतं आणि खाली हिरवं होऊन थांबतं, तिथं पंतवैद्यांनी त्यांना उभं केलं. मुकुंदरावांच्या पहिल्या फेका भयंकर होत्या. चमचा कधी पायाशी पडला, कधी मागच्या झुडपात. चरखीवर दोरीचं चिमणीचं घरटं झालं, ते सोडवण्यात अर्धी सकाळ गेली.

"फेकताना अंगठा दोरीवर हलका ठेवा. आणि चमचा पाण्याला लागला की लगेच ओढू नका. बुडू द्या जरा. पडलेलं पान बुडतं ना, तसा."

दुपार कलताना एक फेक बरी पडली. चमचा फेसाच्या कडेला बुडाला, मुकुंदरावांनी चरखी फिरवायला घेतली आणि छडी पाण्याच्या दिशेनं अशी वाकली की ते दोन पावलं पुढे ओढले गेले. रोहू जड ओढतो. हे जड नव्हतं, हे पळणं होतं. चरखी किंचाळायला लागली.

"महसीर!" पंतवैद्य ओरडले. "जाऊ द्या! दोरी द्या त्याला! मुकुंदराव, धरून ठेवू नका!"

मुकुंदरावांनी दोरी दिली. मासा प्रवाहात गेला, थांबला, पुन्हा गेला. ते खडकांवरून ठेचकाळत त्याच्यामागे गेले. धोतर कमरेपर्यंत भिजलं, एक चप्पल वाहून गेली. बऱ्याच वेळानं पाण्यात सोनेरी कूस वळली आणि पंतवैद्यांनी गुडघाभर पाण्यात उतरून जाळीत मासा उचलला. खवले रुपयाएवढाले होते. फार मोठा नव्हता तो, पण मुकुंदराव लहान मुलासारखे हसत होते.

पंतवैद्यांनी मासा तसाच जाळीत, पाण्यात धरून ठेवला होता. त्यांनी नुसतं मुकुंदरावांकडे पाहिलं. मुकुंदरावांना त्या पाहण्याचा अर्थ चांगला समजला.

"नाही हो," ते म्हणाले. "मला भूक लागलीय. खाणावळीचं खाऊन जीव कंटाळलाय."

"तुमचा मासा आहे," पंतवैद्य म्हणाले आणि जाळी किनाऱ्यावर आणली.

मुकुंदरावांनी काटक्या पेटवून, मीठ-तिखट लावून तुकडे भाजले. पंतवैद्य वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन दशम्यांचं फडकं सोडून बसले. संध्याकाळी त्यांनी स्वतः त्याहून मोठा महसीर काढला आणि सोडून दिला. एवढा मासा डोळ्यांदेखत परत जाताना पाहून मुकुंदरावांना मनापासून वाईट वाटलं, आणि ते तसं म्हणालेही. परतीच्या गाडीत दोघांचं यावर चांगलंच भांडण झालं.

छप्पन साली पुन्हा सगळं मोडलं. मध्य भारत गेला, मध्य प्रदेश आला, राजधानी भोपाळ झाली. मुकुंदरावांची शाखा ग्वाल्हेरला राहिली, पंतवैद्यांची बदली भोपाळला झाली. तिथं नागपूरकडचे, रीव्याकडचे लोक येऊन मिळाले आणि नव्या ज्येष्ठतेच्या याद्या निघाल्या. पंतवैद्य यावेळी वर गेले. दर दसऱ्याला मुकुंदराव छडी घेऊन भोपाळच्या मोठ्या तळ्यावर चार दिवस राहायला जात. दोघं मुद्दाम लांब-लांब बसत, कारण चमच्याच्या आवाजानं रोहू बिथरतो. जेवायच्या वेळी मात्र शरयूबाई दोघांना एकाच पंगतीत बसवत.