राखणदाराचा ढेकर

माझा माणिक बियर विकतो, पण पीत नाही. नोकरी लागली त्याच दिवशी मी त्याचा हात माझ्या डोक्यावर ठेवून त्याला शपथ घ्यायला लावली. संपात गिरणी बंद पडली आणि त्याचे वडील देशीच्या गुत्त्यात जाऊन बसले, ते शेवटी चौघांच्या खांद्यावरूनच घरी आले. दारूचा वास आला की अजून मी पदर नाकाला लावते. तरीही पोराला बियर विकायला पाठवलं, कारण बी.कॉम. होऊन तो घरात बसून पंखा पुसत होता.

नोकरी मात्र कच्ची. कंपनीचे चंद्रप्रकाश साहेब म्हणाले, तुमच्या या नाहूरच्या पोरांना आमच्या बियरची गोडी लागू दे, माणिकला पक्का करतो. म्हातारे देशीवरच जाणार, धंदा सगळा पोरांत आहे. हे ते माझ्याच घरात, माझाच चहा पीत म्हणाले.

आमच्या चाळीमागच्या मैदानात मे महिन्यात क्रिकेटचे सामने होतात. आम्ही सगळे मालवणकडचे, त्यामुळे टॉसच्या आधी राखणदाराला, म्हणजे जागेच्या देवाला, विचारायचं. कडेला पिंपळाखाली त्याचा दगड आहे. चाळीतले गुणाजीकाका गाऱ्हाणं घालतात, नारळ आणि देशीची बाटली देतात, मगच चेंडू पडतो. साहेबांनी हे ऐकलं मात्र, त्यांचे डोळेच चमकले. त्यांनी पोरांना कंपनीच्या मोराचं चित्र असलेले पिवळे टी-शर्ट वाटले, रिक्षा भरून बियर भर उन्हात मैदानावर आणली आणि जाहीर केलं, यंदा देवाला पहिली बाटली आमची.

गुणाजीकाकांनी हात जोडले. "बा देवा राखणदारा म्हाराजा! दर वर्षाची देशी सोडून पोरांनी आज तुका ही सायबाची बाटली हाडल्यानी हा. ती गोड मानून घे, आणि खेळात कोणाचो हातपाय मोडाक देवू नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" पोरं ओरडली.

माणिकनं बूच उघडलं. खड्ड्यांतून आदळत आलेली ती तापलेली बाटली अशी उसळली, की फेस दगडावर, नारळावर आणि काकांच्या मिशीवर. देशी कधी अशी उसळत नाही.

"थुकलो!" काका किंचाळले. "राखणदार थुकलो! तेका नको ही!"

पोरांनी हातातले ग्लास खाली ठेवले. देवानं थुंकलेलं कोण पिणार? साहेबांचं तोंड एवढंसं झालं. माझ्या पोराची पक्की नोकरी फेसाबरोबर वाहून चालली होती.

"थुकलो नाय, काका," माणिक एकदम बोलला, "ढेकर दिल्यान! पोट भरला तेचा!"

काकांनी मिशीवरचा फेस चाटला. विचार केला. पुन्हा चाटला.

"ढेकरच तो," ते म्हणाले. "मगे ह्यो प्रसाद. जेनी हाडल्यान तेनी पयलो घेवचो. घे रे माणिक!"

"होय म्हाराजा!"

माणिकच्या हातात ग्लास आला. एकीकडे साहेब हसत उभे, एकीकडे देव, आणि समोर मी. प्रसादाला नाही म्हणायची आमच्यात सोय नाही. मला साहेबांचा, काकांचा आणि देवाचाही असा संताप आला, की मी पुढे झाले, ग्लास हिसकावला आणि नाक दाबून एका दमात रिकामा केला. काढ्यापेक्षा कडू.

"माझ्या झिलाच्या वाटचो मी घेतलंय," मी म्हटलं, आणि देवाच्या साक्षीनं मलाही ढेकर आला.

मैदान टाळ्यांनी दणाणलं. "वा, माँजी!" साहेब म्हणाले. "माणिक, तू पक्का!" मीसुद्धा हसले. शपथही राहिली होती आणि नोकरीही.

मग पोरांची रांग लागली. माणिक एकेकाला ग्लास भरून देत होता, "घे रे, प्रसाद हा." रांगेत शेजारच्या प्रेमाचा मुलगा शिवदास होता, अजून मिसरूड न फुटलेला, अंगात मोराचा टी-शर्ट. त्याच्या आईनं त्याला दंड धरून बाहेर ओढलं.

"काय गं आई," तो म्हणाला, "माणिकच्या आईनं पण घेतली ना!"

तिनं त्याचा दंड सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं, तर माझ्याच तोंडाला तो वास येत होता.